मरियमखालाचा मोठा रस्ता

मरियमखाला आयुष्यात पनवेलच्या पलीकडे गेली नव्हती. पनवेललाही गेली ती डोळ्याच्या ऑपरेशनला, आणि परत आल्यावर कितीतरी दिवस तिथल्या धुळीला शिव्या घालत होती. पण लंडनहून एडिंबऱ्याला रस्त्यानं जायचं असेल तर कुठल्या गावानंतर कुठलं गाव लागतं, धुकं कुठं धरतं, चढ कुठं आहे आणि चहा कुठं बरा मिळतो, हे ती दिघीत बसून डोळे मिटून सांगायची. डोळे मिटूनच सांगायची, कारण उघड्या डोळ्यांनी तिनं तो रस्ता कधी पाहिलाच नव्हता.

दिघीच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा तिच्या घरामागच्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या. टेम्पोतून सामान उतरत असताना ही ठेंगणी, गोरीपान, डोक्यावरून पांढरी ओढणी घेतलेली बाई कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. सलाम नाही, नमस्कार नाही; कुठल्या रस्त्यानं आलात, हा पहिला प्रश्न. माणगाव, म्हसळा, मी म्हटलं. रस्ता कसा होता? खड्डे होते, म्हटलं. हे उत्तर तिला अजिबात पसंत पडलं नाही. खड्डे काय, सगळेच सांगतात. वळणं कुठं आहेत, ट्रकला बाजू द्यायला जागा कुठं आहे, पाणी कुठं मिळतं, यातलं मला काहीच सांगता येईना. मास्तरीण असून रस्ता न बघताच आली, असं पुटपुटत ती आत गेली आणि थोड्या वेळानं गरम घावनं घेऊन आली. घावनं खाताना मी मनातल्या मनात ठरवलं की या बाईपासून चार हात लांब राहायचं. आठवड्याभरात माझी चूल तिच्या आणि तिची माझ्या घरात पेटायला लागली, आणि अहो-जाहोचं 'गो बाय' झालं.

ती सगळी मोजमापं त्या रस्त्यावरच्या गावांनी करायची. भात शिजायला ठेवला की झाकण काढून म्हणायची, ग्रँथमला आलाय, अजून वेळ आहे. कुणाच्या मुलीचं लग्न ठरता ठरत नसलं तर ते डाँकस्टरला अडकलेलं असायचं. रमजानचे शेवटचे रोजे आले की न्यूकासल दिसायला लागायचं. माझ्या वर्गाचा पोर्शन मागे पडला तेव्हा, परीक्षेच्या आत निदान वेदरबी तरी गाठ, असं तिनं मला बजावलं होतं. सुरुवातीला मला हे काही कळायचं नाही. पुढे पुढे मीच शाळेत कुणीतरी विचारल्यावर 'स्कॉच कॉर्नरपर्यंत आलंय' असं बोलून गेले आणि सगळा स्टाफ माझ्याकडे बघत राहिला.

हा रस्ता तिच्याकडे आला तो तिच्या नवऱ्यामुळे. इस्माईलचाचा तरुणपणी बोटीवर खलाशी म्हणून गेले, इंग्लंडात उतरले, आधी एका गिरणीत लागले आणि मग लॉरीवर. आमच्या या किनाऱ्यावर अशी घरं पुष्कळ. पुरुष तिकडे, बायको सासूजवळ इकडे, आणि दर दोन-तीन वर्षांनी एक सुट्टी. टेलिफोन तेव्हा गावात नव्हता आणि खालाला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून चाचा कॅसेट भरून पाठवायचे. गावातला कुणी सुट्टीवर येणारा ती आणून द्यायचा. कॅसेट आली की सगळं घर टेपभोवती बसायचं. सासू, दीर, जावा, शेजारच्या बायकासुद्धा.

आता इतक्या माणसांसमोर नवरा बायकोशी काय बोलणार? आईला सलाम, भावाला दोन सूचना, विहिरीची चौकशी, एवढं झालं की चाचांचं बोलणं संपायचं आणि कॅसेट उरायची. मग ते रस्ता सांगायला लागायचे. लॉरी चालवतानाच टेप चालू करून ठेवलेला असायचा, त्यामुळे मागे इंजिनाची घरघर. आता हॅटफिल्ड गेलं. आता उजव्या हाताला बटाट्याचं शेत. आता पाऊस लागला. रस्ता सुरू झाला की सासू कंटाळून उठायची, तिच्यामागं दीर, मग जावा. शेवटी टेपसमोर खाला एकटी उरायची. एडिंबऱ्यापर्यंत ती आणि तो रस्ता.

"माझ्याशी बोलायला दुसरं कायच नव्हतं त्यांच्याकडं," ती मला एकदा म्हणाली होती, "आणि हुतं ते सगळ्यांच्या म्होरं बोलता येत नव्हतं. म्हणून रस्ता."

त्या रस्त्याचा इतिहासही तिला कॅसेटवरच मिळाला. त्याचे काही तुकडे रोमन बादशहांच्या शिपायांनी घातलेले. मग घोडागाड्यांचा काळ आला, तेव्हा गावोगावी सराया होत्या आणि तिथं थकलेले घोडे बदलून ताजे जोडायचे. मग रेल्वे आली आणि सराया ओस पडल्या. मोटारी आल्या तशी पुन्हा जाग आली. मग मोटारी इतक्या झाल्या की एकेका गावाला बाहेरून वळसा काढून रस्ता पुढे नेला, आणि गावं आत राहिली. खालाला या वळसा घातलेल्या गावांचं फार वाईट वाटायचं. आमच्याकडची आगबोट बंद झाली तेव्हा धक्क्यावर असंच झालं होतं, असं ती सांगायची. स्टॅमफर्ड नावाच्या गावाचा तिला विशेष कळवळा. तिथली जुनी दगडी घरं चाचांनी एकदाच, रस्ता बंद होता म्हणून आतून जाताना पाहिली होती. तिथल्या बायका सकाळी दारात येऊन बघत असतील, आता इकडून कुणी जात नाही म्हणून, असं तिचं म्हणणं.

तिची एकच इच्छा होती. त्या लॉरीत चाचांच्या शेजारी बसून एकदा टोकापर्यंत जायचं. चाचांनी कबूलही केलं होतं. एका वर्षी पासपोर्ट झाला, कागद झाले, नवी पेटी आली. तेवढ्यात सासू विहिरीजवळ घसरून पडली आणि अंथरुणाला खिळली. जावा आपापल्या संसाराला वेगळ्या झाल्या होत्या. खालानं पेटीतले कपडे काढून कपाटात ठेवले. सासू पुढे बरीच वर्षं जगली, आणि त्यानंतर हा विषय चाचांनीही काढला नाही आणि तिनंही नाही. चाचा शेजारच्या रिकाम्या सीटवर टेप ठेवायचे, हे तिला ठाऊक होतं. "माझ्या जागेवर टेप बसवला, बाय," असं ती हसत सांगायची. ते हसणं मला आवडायचं नाही.

बंदरातून माल भरून निघालेले ट्रक तिच्या घरासमोरून जायचे. कधी एखादा पाणी मागायला थांबला की खाला आधी पाणी द्यायची आणि मग तपासणी सुरू. घरी फोन केलास का? तिचं हिंदी अगाध होतं. "घरवाली को फोन किया? क्या बोला? सिर्फ खाना खाया बोला? और कुछ बोलो ना." हरयाणाचे ते धिप्पाड ड्रायव्हर तिच्यापुढे मान खाली घालून उभे राहायचे. एकानं तर खरंच तिच्या पडवीत उभं राहून बायकोला फोन लावला, आणि काय बोलावं ते न सुचून कोकणातल्या हवेविषयीच बोलत राहिला. खाला आत येऊन मला म्हणाली, सगळे सारखेच.

मी दिघीला आल्यावर दोन वर्षांनी चाचा कायमचे परत आले. उंच, वाकलेले, अतिशय कमी बोलणारे. खाला लग्नातल्यासारखी लाजत होती आणि त्याच वेळी त्यांच्यावर खेकसतही होती. पहिले काही महिने संध्याकाळी दोघं पडवीत बसायची आणि ती त्यांच्याकडून रस्ता ऐकायची. तिला सगळं पाठ होतं, तरीही. तेव्हाच तो समुद्राचा घोटाळा झाला.

बेरिकच्या पुढे रस्ता समुद्राला लागतो, हे कॅसेटवर होतं. समुद्र कुठल्या बाजूला, हे चाचांनी कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगावं असं त्यांना वाटलंच नसावं. खालानं तो आपल्या मनानं डाव्या हाताला ठेवला होता. आपल्याकडे मुंबईकडे तोंड करून निघालं की समुद्र डावीकडेच असतो, दुसरीकडे कुठं असणार? तर त्या संध्याकाळी चाचा सहज म्हणाले की पहाटे तिथून जाताना समुद्रातून सूर्य वर येतो. खाला म्हणाली, समुद्रात सूर्य बुडतो, वर कसा येईल? मग दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी मी शाळेतला पृथ्वीचा गोल आणून दाखवला, आणि वर जाताना समुद्र उजव्या हाताला असतो हे तिला मान्य करावं लागलं.

तिनं दोन दिवस धड जेवण केलं नाही. मला हसू येत होतं, पण मग तिनं कारण सांगितलं. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणजे शेजारची सीट डावीकडे. इतकी वर्षं तो समुद्र तिच्या खिडकीत होता. आता तो चाचांच्या खिडकीत गेला. सगळा रस्ता उकलून पुन्हा घालायला लागणार होता, आणि आता या वयात ते जमेल की नाही याची तिला शंका होती.

तिची समजूत काढली ती चाचांनीच, एका वाक्यात. त्या समुद्राजवळ ते लॉरी थांबवून नमाज पढायचे. आपल्याकडे किब्ला, म्हणजे नमाजात तोंड करायची दिशा, पश्चिमेला, समुद्राकडे. तिकडून तो पूर्वेच्या अंगाला, म्हणजे तिथेही समुद्राकडेच. खाला बराच वेळ बोटं इकडून तिकडे फिरवत हिशेब करत राहिली.

"म्हंजे तुमी तितं आनि मी हितं," ती म्हणाली, "आपुन समोरासमोर उभी हुतो."

चाचांनी मान हलवली. त्या रात्री ती व्यवस्थित जेवली.

सुख म्हणावं असं तिला तेवढंच मिळालं, फार तर तीन-चार वर्षं. मग चाचा विसरायला लागले. आधी चष्मा, मग मशिदीतून घरी यायची वाट. फेरीबोटीवरच्या माणसांनी त्यांना दोन-तीनदा घरी आणून सोडलं. ते तिथं उभे राहून विचारायचे, हा फाटा कुठं जातो? माणगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, या दुखण्याला उलट फिरणं नाही. आणि एके दिवशी सकाळी चहा घेऊन खाला पडवीत गेली तेव्हा चाचा खुर्चीत ताठ बसून समोर बघत होते. तिला पाहून ते अदबीनं किंचित सरकले.

"बसा," म्हणाले. "आपल्या कोकणातल्या दिसता. हिकडं कशा?"

खाला माझ्या स्वयंपाकघरात आली तेव्हा तिच्या हातात तो चहाचा कप तसाच होता. "मला त्यांनी लॉरीत घेतलं, बाय," ती म्हणाली. एकाच वेळी हसत आणि रडत होती.  मी तिच्या हातातला कप काढून घेतला, एवढंच.

मुंब्र्याहून मुलगी आली, नसीम. शहाणी, कामाची मुलगी. तिचं म्हणणं, अब्बाला खरं सांगायचं. हे घर आहे, ही अम्मी आहे, असं सारखं सांगत राहायचं, म्हणजे ते परत येतील. खालानं तसं करून पाहिलं. चाचांच्या डोळ्यांत इतकी भीती आली की बघवत नव्हतं. माझी लॉरी कुठाय, माल पोचायला उशीर होईल, मला इथं कुणी आणून टाकलं, असं म्हणत ते दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यात बसून लहान मुलासारखे रडले. त्यानंतर खालानं ते बंद केलं. नसीम चिडली. तू अशानं त्यांना कायमचं गमावशील, असं ती आईला म्हणाली. खाला म्हणाली, ते रस्त्यावर आहेत, हरवलेले नाहीत. रस्ता मला ठाऊक आहे.

मग रोज सकाळी दोघांचा प्रवास सुरू झाला. चाचा खुर्चीत, खाला त्यांच्या डाव्या बाजूला वेताच्या मोड्यावर. चाचांचं गाव चुकलं तर ती हळूच पुढचं नाव सांगायची आणि ते 'हां, बरोबर' म्हणून पुढे निघायचे. तिला आश्चर्य एका गोष्टीचं वाटायचं. बायकोला कधी पाण्याचं न विचारणारा हा माणूस या परक्या बाईला किती जपायचा! थंडी वाजते का, काच वर करू का, भूक लागली असेल तर ग्रँथमला थांबू. खाला मला हे सांगताना नाक मुरडायची. लग्नाच्या बायकोपेक्षा वाटेवरची बरी, म्हणायची. पण सकाळी चहा झाला की केस नीट करून, धुतलेली ओढणी घेऊन मोड्यावर जाऊन बसायची.

तिचं दुखणं वेगळंच होतं. एकदा तिनं परकी बाई म्हणून त्यांना सहज विचारलं, गावी कोण कोण असतं? चाचा म्हणाले, आई आहे. मग भावाचं सांगितलं, विहिरीचं सांगितलं, मागच्या फणसाचंही सांगितलं. ती वाट बघत राहिली. बायकोचं नाव काही निघालं नाही. त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही. पुढच्या प्रवासात तिनं पुन्हा विचारलं. कधी डाँकस्टरला, कधी स्कॉच कॉर्नरला; दर वेळी शब्द बदलून. आणखी कोण? घरात बाईमाणूस कुणी? दर वेळी आई, भाऊ, विहीर, फणस. मी तिला समजावलं की जुन्या वळणाचा माणूस परक्या बाईजवळ आपल्या बायकोचं नाव कसं काढेल? तिला ते पटायचं. सभ्य आहेत, म्हणायची. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. खरं सांगते, मला चाचांचा राग यायचा. आजारी माणसाचा राग धरू नये हे कळत असूनही यायचा. जन्मभर घरात थांबलेल्या बाईला त्यांच्या विसरण्यातसुद्धा जागा नसावी, हे मला सहन होत नव्हतं.

हिवाळ्यात चाचांनी अंथरूण धरलं. प्रवास थांबला नाही, फक्त खाला मोडा उचलून खाटेजवळ बसायला लागली. आवाज इतका बारीक झाला होता की ती त्यांच्या तोंडाजवळ कान न्यायची. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी पेज घेऊन गेले, तेव्हा दोघं बेरिकच्या पुढे आली होती. मी दारातच थांबले. खालानं त्या दिवशी काहीच विचारलं नव्हतं. चाचा आपणहून बोलले.

"तुमी परत कोकणात जानार ना?"

"व्हय," खाला म्हणाली.

"दिघी ठाऊक हाय?"

"ठाऊक हाय."

"धक्क्यावरनं वर आलं की आमचं घर. तितं माझी बायको असते. मरियम." त्यांना श्वास लागत होता. "तिला निरोप सांगाल?"

खालाची पाठ माझ्याकडे होती. ती हलली नाही. "सांगते," म्हणाली.

"म्हनावं, हा रस्ता मी एकट्यानं बघितला. ते बरं न्हाय केलं मी."

"सांगते."

"रागावलेली असंल ती."

"न्हाय," खाला म्हणाली. "रागावलेली न्हाय."

चाचांनी डोळे मिटले. मी पेज तशीच घेऊन माघारी आले आणि भांडं ओट्यावर ठेवून खूप रडले. मला वाटत होतं, तिनं आता सांगावं, मीच ती, मीच मरियम. तिनं ते का सांगितलं नाही ते मला त्या दिवशी कळलं नाही. सांगितलं असतं तर ते पुन्हा घाबरले असते, आणि त्यांना त्या वाटेवर एकटं सोडायची तिची तयारी नव्हती, असं आज वाटतं.

त्याच आठवड्यात चाचा गेले. घर माणसांनी भरलं. म्हसळ्याची, श्रीवर्धनची, मुंब्र्याची. इंग्लंडहून पुतण्या आला. इद्दत सुरू झाली, म्हणजे खालाला आता काही महिने घराबाहेर पडायचं नव्हतं. पुतण्या चांगल्या मनाचा. इद्दत संपली की चाचीला तिकडे नेतो, तो सगळा रस्ता गाडीनं दाखवतो, असं तो सगळ्यांदेखत म्हणाला. खालानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जेवून घे म्हणाली.

माझीही बदली झाली, पेणजवळच्या शाळेत. सामान पुढे गेलं होतं. मी निरोप घ्यायला गेले ती आमची शेवटची भेट ठरली. ओटीवर बायका बसल्या होत्या, पोरं खेळत होती, कुणीतरी तांदूळ निवडत होतं. खाला आतल्या खोलीत खाटेच्या कडेवर बसली होती. मला तिनं जवळ बसवलं, माझ्या नव्या शाळेची चौकशी केली, पोर्शन वेळेवर संपव म्हणून सांगितलं. मग दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"त्यांचा निरोप अजून दिला न्हाय मी."

 मी म्हटलं, "देऊन टाक ना, खाला."

"देईन," ती म्हणाली. "आत्ता न्हाय. आत्ता सांगितला तर रडंल ती. घरात मानसं हायत."